निजामोद्दीनची मयत

रुद्रेश खोटं बोलतो असं म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीचा अपमान होता. साधं खोटं कुणीही बोलतं. रुद्रेश त्यात गावाचं नाव, गाडीचा रंग आणि गरजेपुरते अश्रूही घालायचा. नांदेडला बियाण्यांच्या एका कंपनीत तो नोकरीला होता. सुट्टी हवी असली की घरातलं कुणीतरी दगावायचं. सख्ख्या आज्या केव्हाच संपल्या होत्या, चुलत आज्याही आटोपत आल्या होत्या.

त्याचा शाळेपासूनचा दोस्त निजामोद्दीन लातूरला शिंपीकाम करायचा. रुद्रेशच्या थापा त्याला पाठ होत्या. शेरवानीला काजं करता करता त्या ऐकायला त्याला मजाही वाटायची.

यंदा उन्हाळ्यात रुद्रेशला चार टवाळांबरोबर हैदराबादला बिर्याणी खायला जायचं होतं. नातेवाइकांचा साठा संपलेला. त्यानं मॅनेजर उमादेवी मॅडमना रडवेल्या आवाजात सांगितलं, "मॅडम, माझा जिवलग दोस्त निजामोद्दीन गेला हो. मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. मला लातूरला जावंच लागतंय."

सगळं चोख जमलं होतं. फक्त मॅडम चांगल्या मनाच्या निघाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या कामासाठी लातूरला आल्या आणि पत्ता विचारत विचारत फळांची पिशवी घेऊन निजामोद्दीनच्या दारात उभ्या राहिल्या.

दार त्याच्या बायकोनं, वहिदानं उघडलं. नवरा सकाळीच मोटारसायकलवरून उदगीरला कापड आणायला गेला होता.

"तुमच्या मिस्टरांचं कळलं. लई वाईट झालं," मॅडम म्हणाल्या. "तो ट्रकवाला सापडला का?"

वहिदानं नवऱ्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मग ती उंबऱ्यातच कोसळली आणि तिच्या किंकाळीनं सगळी गल्ली गोळा झाली.

दुपारी निजामोद्दीन परतला, तर दारात चपलांचा ढीग. शेजारचे बसवराजकाका खुर्च्या मांडत होते.

"काय झालं, काका?"

काकांच्या हातातली खुर्ची खाली पडली.

वहिदा धावत आली. त्याचे खांदे, हात, डोकं चाचपलं आणि मग त्याच्याच छातीवर बुक्क्या मारत रडायला लागली. "फोन कशाला बंद ठेवला?"

"चार्जिंग संपली गं," तो म्हणाला.

उमादेवी मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तिथूनच रुद्रेशला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कुठं आहात?"

"आत्ताच माती देऊन आलो, मॅडम." हुंदका. "वहिदाभाभीचं रडणं बघवंना झालंय."

मागून हॉटेलातला वाढपी ओरडला, "भाई, डबल का मीठा किसका?"

निजामोद्दीन फोनजवळ वाकला. "रुद्रेश, माती थोडी कमी टाकली बघ तुम्ही. उठून बसलो मी."

पलीकडं ताटात चमचा पडला. मग रुद्रेश म्हणाला, "ऐकलं का, मॅडम? कालपासून त्याचाच आवाज कानात येऊन राहिलाय!"

गल्ली हसली. वहिदा हसली नाही.

कंपनीनं रुद्रेशची आडबाजूच्या किनवटला बदली केली. त्यानं ती बढती म्हणून सगळ्यांना सांगितली. नंतर एका रविवारी तो मिठाईचा पुडा घेऊन लातूरला आला.

"मस्करी झाली रे."

"मला मारलंस, ते चाललं," निजामोद्दीन म्हणाला. "पण मी येईपर्यंत ही विधवा होऊन बसली होती. त्याचं काय?"

रुद्रेशनं मिठाईचा पुडा पुढं सरकवला.

वहिदा आतून आली. "रुद्रेशभाई, जी जी माणसं इथं रडायला आली, त्यांच्या घरी जा. 'मी खोटं बोललो' एवढंच सांगा."

बसवराजकाकांना त्यानं मान खाली घालून खरं सांगितलं. पुढच्या घरी 'थोडा गैरसमज' झाला होता. त्याच्या पुढच्या घरी दवाखान्यानं नावांची अदलाबदल केली होती आणि मेलेला माणूस औशाचा कुणी दुसराच निघाला होता.

त्याच्या मागोमाग घरोघर आलेल्या वहिदानं पदर खोचला. "पुन्हा. काकांपासून."

निजामोद्दीन ओट्यावरून बघत होता. त्याला दोस्ताची दया आली, पण त्यानं हाक मारली नाही. शेवटचं घर साखराबाईंचं. त्यांना कमी ऐकू यायचं. रुद्रेशला ते वाक्य दोन्ही हात तोंडाशी धरून पुन्हा पुन्हा ओरडावं लागलं.

मग निजामोद्दीननं त्याला जेवायला थांबवून घेतलं. वहिदानं वाढलं, पण मिठाईचा पुडा न सोडता त्याच्या ताटाशेजारी परत ठेवला.