दोर पोचतो तिथपर्यंत

आमच्या वर्कशॉपला खिडकी नाही. पूर्वी तिथे बोटी ठेवायचे, आणि बोटींना कुठे बाहेर बघायचं असतं, असं मामाचं म्हणणं. मला बघायचं असतं. म्हणून मी शटर अर्धं वर करते, आणि मामा येताजाता ते खाली ओढतो, कारण वाऱ्याने ओल्या रंगावर धूळ बसते. दिवसभर आमचं हेच. मी वर, तो खाली.

आई लांबच्या गावी दवाखान्यात कामाला आहे. तिथे तिला एका खाटेपुरती जागा मिळाली, म्हणून तिने मला आपल्या भावाकडे ठेवलं. शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून एकमत नाही. हिच्या रागाचं काहीतरी करा, असं हेडबाई आईला म्हणाल्या. आईने ते मामाला सांगितलं. मामाने माझ्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाला, "घास."

तेव्हापासून घासतेय. झोपायची खोली वर्कशॉपच्या वर, आणि तिची खिडकी शेजारच्या भिंतीला नाक लावून उभी. हात बाहेर काढला की भिंतीला टेकतो. मी रोज टेकवून बघते, भिंत आणखी जवळ आलीय का ते.

मामा पाण्यावर उडायचे बोर्ड बनवतो. फॉइल म्हणतात त्याला. बोर्डच्या पोटाखाली एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला, पाण्याच्या आत, खेळण्यातलं विमान असावं तसे दोन पंख. पुढे मोठा, मागे छोटा. धक्क्यावरून पळत यायचं, बोर्ड पाण्यावर टाकायचा, त्याच्यावर उडी मारायची आणि पायांनी दाबत राहायचं. दाब, सोड, दाब, सोड. बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो. वारा लागत नाही, इंजिन लागत नाही. पाय थांबले की बुडालात.

पुढचा पंख उचलतो, मागचा सांभाळतो. गिऱ्हाईक पुढच्याबद्दल तासभर बोलतं आणि मागच्याबद्दल विचारतसुद्धा नाही, आणि खरी गंमत मागच्यात असते. मोठा लावला तर बोर्ड गरीब गाईसारखा सरळ चालतो, पण ओढ लागते आणि पाय भरून येतात. छोटा लावला तर सुसाट, पण जरा तोल गेला की नाक पाण्यात.

कोणाला कुठला द्यायचा, याची मामाची स्वतःची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला डोळे मिटून उभं करतो आणि मागून हलकेच ढकलतो. जो हात पुढे करतो त्याला मोठा पंख. जो पाय पुढे टाकतो त्याला छोटा. एका वकिलाला ढकललं तर तो नुसताच "अहो" म्हणाला. त्याला मधला दिला.

मला मामाने कधी ढकललं नाही. भिंतीवरच्या खिळ्यावरून सगळ्यात मोठा काढला, माझ्या बोर्डला लावला आणि म्हणाला, "भिंगरी, तुला हा."

"ढकल की मला."

"तुला ढकलायची गरज नाही. तू न ढकलता पडतेस."

ते मात्र खरं होतं. मी पडायचे, आणि रोज एकाच जागी पडायचे. आमच्या धक्क्यापासून पाणी सरळ पुढे जातं, मग लाल तरंगत्या डब्यांची रांग, आणि तिच्याही पलीकडे पिवळा बोया. त्याच्यापुढे मोठ्या बोटींचा रस्ता. मी लाल डब्यांच्या अलीकडे, थोडं डावीकडे, अगदी ठरल्यासारखी बुडायचे. मांड्यांतून आग निघायची, बोर्ड खाली बसायचा, संपलं. मामा धक्क्यावर उभा असायचा, हातात दोराचं वेटोळं. फेकायचा तो नेमका माझ्या हातात यायचा. मी दोर झिडकारून पोहत यायचे. दात-ओठ खात.

आमच्याच काठावर, थोडं पुढे, क्लब आहे. तिथल्या बाई गळ्यात शिट्टी घालून जेवतात, झोपतात, बहुतेक अंघोळही करतात. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्यांनी जाहीर केलं, रविवारी या. धक्क्यावरून उडी मारायची, पिवळ्या बोयाला वळसा घालून परत धक्क्याला यायचं, मध्ये बुडायचं नाही. दोन संधी. जो येईल त्याला क्लबात घेणार, तिथेच राहायला जागा, आणि हंगाम सुरू झाला की गावोगाव स्पर्धा.

तिथेच राहायला जागा. मी एवढंच ऐकलं.

मग मी जिन्यावर उठाबशा काढायला लागले. मामी खालून ओरडायची, "बये, जिना झिजेल." मी म्हणायचे, "झिजू दे, मी जाणारच आहे." मामी म्हणायची, "जा, पण जिना ठेवून जा."

पाय दगडासारखे झाले. तरी पडायचे तिथेच.

शनिवारी दुपारी बोर्ड उलटा टाकून स्क्रूंमधलं मीठ साफ करत होते. मागचा पंख मामाच बसवायचा आणि मामाच काढायचा. मला म्हणायचा, तू घास, तेवढं पुरे. पण तो मामीबरोबर चहा पीत बसला होता आणि मला धीर नव्हता. मी एलन की घेतली आणि पंख काढला.

त्याच्या खाली पाचर होती.

नखाएवढी जाड, मागच्या बाजूला उंच, पुढे निमुळती. काळ्या दांड्यावर काळा रंग देऊन बसवलेली, म्हणजे वरून दिसूच नये. अशा पाचरी आमच्याकडे डब्यात असतात. अगदी नवशिक्यांना लावतात. पंख जरासा कलतो, बोर्ड शांत होतो, पण चालताना कोणीतरी मागून शर्ट धरून ठेवल्यासारखं वाटतं. वर मोठा पंख आणि खाली पाचर, असं तर नवशिक्यांनाही कोणी देत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाचर घेऊन गेले आणि मामाच्या बशीत टाकली. चहा त्याच्या सदऱ्यावर उडाला.

"हे काय आहे?"

मामाने पाचरीकडे पाहिलं. मग मामीकडे. मामीने खिडकीकडे पाहिलं, जिथे भिंत आहे.

"पाचर," मामा म्हणाला.

"मला कळतं. माझ्या बोर्डखाली काय करत होती?"

"काम."

"मी वेड्यासारखी जिन्यावर उठाबशा काढतेय. मला वाटलं माझ्याच पायांत दम नाही. आणि तू मला मागून धरून ठेवलंस?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. शेवटी म्हणाले, "रोज त्याच जागी पडते मी, आणि तू दोर घेऊन उभा. मजा वाटत होती?"

मामाने रुमालाने सदरा पुसला. मग म्हणाला, "दोर तिथपर्यंतच पोचतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी फेकला तर दोर जिथपर्यंत जातो, तिथे तू पडायचीस. तसं बघून बघून बसवली होती. दोनतीन पाचरी घासल्या, तेव्हा बरोबर जागा आली."

मला काही समजेना. मामीने शेवटी तोंड उघडलं.

"त्याला पोहता येत नाही."

मी हसलेच. ज्या माणसाचे बोर्ड सगळ्या किनाऱ्यावर उडतात, ज्याला लाटेचा आवाज ऐकून वारा कळतो, तो.

"हसू नकोस," मामी म्हणाली. "मलासुद्धा लग्नानंतर कळलं."

"तुझी आई तुला माझ्याकडे ठेवून गेली," मामा म्हणाला. "तू बोयापाशी बुडालीस तर मी धक्क्यावरून काय करू? हाका मारू?"

"मला येतं पोहता."

"बोटींना कुठे माहिती आहे ते?"

मी वर्कशॉपमध्ये गेले आणि भिंतीवरचा सगळ्यात छोटा पंख खेचला. खिळासुद्धा सोबत आला. तोच बोर्डला लावला, पाचरीशिवाय, आणि स्क्रू इतके आवळले की मामाला ऐकू जावं.

रात्री खोलीत गेले, हात बाहेर काढला, भिंत होती तिथेच.

रविवारी मी एकटी निघाले. क्लबच्या धक्क्यावर पोरांची गर्दी होती, चकचकीत कपडे, नवेकोरे बोर्ड. अर्धे आमच्याच वर्कशॉपमधून गेलेले. कुठल्या बोर्डचा कोपरा मी घासलाय ते मला लांबून ओळखू येत होतं. एकेक जण उडी मारत होता आणि बोयाच्या जवळपास बुडत होता. शिट्टीबाई शिट्टी वाजवायच्या, बोट जायची, ओला माणूस परत यायचा.

माझा नंबर आला तेव्हा मागे खसखस पिकली. वळून पाहिलं तर मामा. एका हातात हत्यारांची पेटी, खांद्यावर दोर. एक दोर नाही. वर्कशॉपमधले सगळे दोर, एकाला एक गाठ मारून. निळा, पिवळा, कपडे वाळत घालायचासुद्धा. खांद्यावर मावत नव्हता म्हणून उरलेला मामी मागून धरून येत होती.

"तुमचे कोण?" शेजारच्या पोराने विचारलं.

"कोणी नाही," म्हणाले मी, पळाले आणि उडी मारली.

छोटा पंख म्हणजे काय ते मला वाटलं होतं मला माहीत आहे. पाय टेकले तोच बोर्ड मासोळीसारखा सटकला, वर उठला, मी नेहमीच्या जोराने दाबलं, नाक खाली गेलं आणि मी तोंडावर. धक्क्यापासून एवढी जवळ, की मामाला दोराची पहिली गाठसुद्धा सोडावी लागली नसती. पोरं हसली. मी वर आले तेव्हा नाकातून पाणी येत होतं आणि कोणाला तरी मारावंसं वाटत होतं.

"एक संधी उरली," शिट्टीबाई म्हणाल्या. "रांगेत मागे उभी राहा."

मी बोर्ड ओढत मामापाशी गेले. तो पाण्याकडे पाठ करून बसला होता. पेटी उघडी होती. आत मागचे पंख, कपड्यात गुंडाळलेले: मधला, आणि माझा मोठा.

"कुठला?" मी विचारलं.

"मी सांगणार नाही. सांगितला तर म्हणशील धरून ठेवलं."

"मग ढकल मला. सगळ्यांना ढकलतोस तसं."

मी डोळे मिटले. मग पाठीवर त्याचा हात आला आणि त्याने ढकललं. मी हात पुढे केला नाही, पाय टाकला नाही. गर्रकन मागे वळले आणि म्हणाले, "एवढ्या जोरात ढकलतात का?"

मामी तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अशांना कुठला देतात, मला माहीत नाही," मामा म्हणाला. "माझ्याकडे असं गिऱ्हाईक आलं नाही."

मग मीच बसले दोन्ही पंख मांडीवर घेऊन. मधला सुबक होता, कडा पातळ, कोणालाही आवडेल असा. पण मी त्याच्यावर कधी उभीच राहिले नव्हते. मोठ्याच्या डाव्या टोकाला मीच दगडावर आपटून पाडलेला टवका होता. माझे पाय याच्यावर घट्ट झाले होते. किती दाबलं की तो किती उठतो, ते पायांना झोपेतही माहीत होतं. माझा राग पाचरीवर होता, पंखावर नव्हता.

मी मोठा लावला. खाली काही नाही, पंख आणि दांडा, बस. चार स्क्रू, चार वळणं. मान वर केली तर शिट्टीबाई माझ्या हातांकडे बघत उभ्या.

दुसऱ्या वेळी बोर्ड उठला तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. कारण मागे कोणीच धरलेलं नव्हतं. दाबत होते, आणि दाबलेलं सगळं पुढे जात होतं. लाल डब्यांच्या अलीकडची ती जागा आली. पायांना सवय होती, ते आपोआप दुखायला लागले. मग ती जागा गेली. पाय बिचारे गोंधळले, दुखायचं विसरले. बोया आला, केवढा मोठा असतो तो, वर शेवाळ, एक पक्षी. मी वळले. पलीकडे मोठ्या बोटींचा रस्ता दिसला, त्याच्यापुढे नुसतं पाणी, कुठेच भिंत नाही. क्षणभर वाटलं, वळूच नये.

पण पाय थांबले की बुडालात. येताना तोंडातून आवाज निघत होते, शिव्याच असाव्यात. धक्क्याच्या फळीवर मी उडी मारून नाही, कोसळून चढले. पण कोरडी.

मामाने तोवर दोराचा गुंता करून ठेवला होता. स्वतःच्याच पायाभोवती.

शिट्टीबाईंनी मला बाजूला घेतलं. "घेतलं तुला," म्हणाल्या. "पहिला हंगाम वर्कशॉपमध्ये. आमच्याकडे पंख बसवणारं कोणी नाही. तुझा हात चांगला आहे."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मागे पत्र्याची शेड होती. दार उघडं होतं, आत अंधार, भिंतीवर खिळे, खिळ्यांवर पंख. खिडकी नव्हती.

"सकाळी आधी पाण्यात," मी म्हणाले. "मग शेड."

"इथे अटी घालणारी तू कोण?"

"बोयावरून परत आलेली."

शिट्टीबाईंनी शिट्टी ओठांत धरली, वाजवली नाही. "शेडमध्ये धूळ फार आहे," म्हणाल्या.

"शटर आहे का?"

"आहे."

"मग ते उघडं राहणार."

त्यांनी शिट्टी वाजवली आणि पुढच्या पोराकडे गेल्या. तो होकार समजायचा की नाही, ते उद्या सकाळी कळेल.

घरी जाताना बोर्ड मी उचलला होता, दोर मामाने. मामी मागून गाठी सोडवत येत होती, तिला कपडे वाळत घालायचे होते. मी मामाला सगळं सांगितलं, शेडचंसुद्धा. तो हसला नाही, हे त्याचं नशीब.

बरंच चालल्यावर त्याने विचारलं, "त्यांच्याकडे दोर आहे का?"

"बोट आहे, मामा. मोटरची."

"मोटर बंद पडते," मामा म्हणाला, आणि मामीच्या हातातून दोराचं टोक काढून घेतलं. "हा राहू दे. कपड्यांना दुसरा बघ."