लिलीचे फुगे

माझ्या भुताच्या सिनेमात भूत मीच आहे. भूत एका तासाच्या बाळाचं आहे आणि मला मिशी आहे, पण मरोळ गावठाणात फुकट काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शेवटी भूत स्वर्गाच्या दाराशी येतं. दारावरचा देवदूत बाप्तिस्म्याचा दाखला मागतो. भूत त्याला चावतं आणि आत जातं.

चर्चचा हॉल देण्याआधी फादर एलायसनी सिनेमा पाहिला.

"चावणं राहू दे," ते म्हणाले, "पण आत जाणं काप. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांबद्दल चर्च म्हणतं, आशा ठेवा. तू तर खात्रीच दाखवतोयस."

सोबत मम्मी होती. माझ्याआधी तिला मुलगी झाली होती, लिली. तेव्हाचे फादर बाप्तिस्म्याचं पाणी घालायला पोचेपर्यंत ती गेली.

"बत्तीस वर्षं आशाच ठेवली, फादर," मम्मी म्हणाली. "आता मला खात्री पायजे. हॉल ठेवा तुमच्याकडंच."

रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात चादरीवर सिनेमा लागला. बाप्तिस्म्याच्या जेवणाला आमच्यात फुगे तळतात, आंबवलेल्या पिठाचे गोल गोल. मम्मीने पातेलंभर तळले आणि प्रत्येकाला देताना सांगितलं, "माझ्या लिलीचे."

फादरही येऊन मागे उभे राहिले. भूत आत गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. मम्मीने ताट त्यांच्यापुढे धरलं.

"खाल्लात तर खात्री. नुसती आशा असेल तर घरी जा."

 फादरनी एक फुगा अख्खा तोंडात टाकला, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.