दोन बोटं बर्फ

ऑगस्ट संपायला सहा दिवस उरले होते तेव्हा कोकताश गावातल्या सगळ्यांच्या फोनवर एकदमच निरोप आला. डोंगराळ भागात तीन-चार दिवसांत जोरदार बर्फ पडेल, गुरंढोरं ताबडतोब सखल भागात आणावीत.

"सखल भाग म्हणजे नक्की कुठला म्हणे?" एर्गेश बाजारात मोठ्यानं म्हणाला. "आपलं गावच ढगाच्या मांडीवर बसलंय!"

लोक हसले, पण हसता हसताच दोरखंड, खिळे आणि पेट्रोल घ्यायला पांगले. दुकानं म्हणजे ओळीनं ठेवलेले मालगाडीचे जुने लोखंडी डबे. त्यातल्या एका डब्यापाशी तोपचुबाय पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. त्याला हसू आलं नव्हतं.

त्याचे त्रेचाळीस याक आणि शे-सव्वाशे मेंढ्या वरच्या कुरणावर होत्या. मुलगा रशियात बांधकामावर, बायको वारलेली, त्यामुळे वर तंबूत सून जाझगुल एकटी होती. बासष्टाव्या वर्षी त्याला बर्फाची भीती वाटायची नाही. भीती मार्चची होती. वरचं गवत सोडून आता खाली यायचं म्हणजे नदीकाठचं राखून ठेवलेलं गवत सप्टेंबरातच जनावरांच्या तोंडी जाणार. मग मार्चमध्ये, वारा हाडं पोखरत असताना, त्यांच्यापुढे टाकायचं काय? दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. उपाशी मेलेले नऊ याक त्यानं स्वतःच्या हातानं ओढत गावाबाहेर नेऊन टाकले होते.

आणि त्या वर्षी, न पडलेल्या बर्फासाठी, खाली या म्हणून सांगणारी बाई आत्ता समोरच्या डब्याच्या दारावर कागद चिकटवत होती.

उरुमकान कोकताशच्या हवामान केंद्रात एकतीस वर्षं होती. दर तीन तासांनी उष्णता, वारा, दाब मोजायचा आणि आकडे राजधानीला कळवायचे, एवढंच तिचं काम. अंदाज बांधायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी उन्हाळा उतरायला लागला की ती एका कागदावर आपल्या हातानं चार ओळी लिहून बाजारात लावायची. या वर्षीच्या ओळी अशा होत्या: "पूर्वेच्या कुरणांवर वारा जोराचा, थंडी वाढेल. बर्फ नावापुरता. दहा सप्टेंबरपर्यंत वर थांबता येईल असं मला वाटतं." खाली पूर्ण नाव.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं एर्गेश म्हणाला, "गेल्या खेपेलाही तुम्हाला असंच काहीतरी वाटलं होतं ना?"

"वाटलं होतं की," उरुमकान कागदाचा कोपरा दाबत म्हणाली. "आणि चुकलं होतं."

"मग यंदा नका ना वाटून घेऊ! राजधानीत यंत्रं आहेत, आकाशातून फोटो येतात. तुमच्याकडे काय आहे? एक पेटी आणि एक ओलं फडकं."

"ते फडकंच सांगतंय बाबा. राजधानीवाल्यांचं चूक नाहीये. बर्फ पडणार, चांगला कमरेएवढा पडणार. पण पश्चिमेच्या रांगांवर. तिथे सगळं पिळून झालं की उरलेला कोरडा वारा तेवढा आपल्याकडे येईल. ओल्या फडक्याचा आणि कोरडा, दोन्ही थर्मामीटर बघ, दहा दहा अंशांचा फरक आहे. हवेत पाणीच नाही तर पडणार काय?"

एर्गेशनं हात झटकला आणि तो ट्रककडे गेला. तोपचुबाय मात्र हलला नाही. दोन वर्षांत तो या बाईशी एक शब्द बोलला नव्हता.

"खात्री आहे?" त्यानं विचारलं.

उरुमकाननं वळून पाहिलं. "नाही, बाइके," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली. "दहातले आठ."

"आणि ते उरलेले दोन? ते माझ्या याकांच्या पाठीवर पडायचे?"

"त्या दोनांसाठी मी तुमच्याबरोबर वर येते," ती म्हणाली. "माझी चार दिवसांची रजा शिल्लक आहे. बर्फ पडलाच, तर जनावरं खाली हाकायला एक माणूस जास्त असेल."

तोपचुबायनं पोतं आपल्या जीपमध्ये टाकलं, आणि थोड्या वेळानं पुढच्या सीटवरची साखळी आणि पाना उचलून मागे फेकला. म्हणजे बस, असा त्याचा अर्थ.

कुरणापर्यंतचा रस्ता अडीच तासांचा. वाटेत त्यांना खाली येणारी तीन कुटुंबं भेटली. तंबूचे लाकडी वासे, लोकरीचे नमदे, पत्र्याची शेगडी, सगळं याकांवर लादलेलं. प्रत्येकानं जीपमध्ये डोकावून उरुमकानकडे पाहिलं आणि मान हलवली. ती प्रत्येकाला त्याच्या लेकराबाळांची खुशाली विचारत राहिली.

जाझगुल तंबूच्या दारात उभी होती. फोनवर तिला सगळं कळलं होतं. अर्धा संसार बांधून तयार होता.

"अता, आधी मेंढ्या हाकू का?" तिनं सासऱ्याला विचारलं.

"सोड ते," तोपचुबाय म्हणाला. "पाहुण्यांना चहा कर."

पुढचे दोन दिवस तोपचुबाय या बाईकडे बघत होता. आधी संशयानं, मग नुसताच. तंबूच्या उत्तरेला, सावलीत, जमिनीपासून माणसाच्या खांद्याच्या उंचीवर तिनं थर्मामीटर टांगला. तिच्या पिशवीत हाताच्या पंजाएवढं दाब मोजायचं यंत्र होतं. तासाचा काटा जागेवर आला की ती हातातला घाससुद्धा खाली ठेवून उठायची. थर्मामीटरपाशी गेली की आधी श्वास रोखायची, का तर श्वासाची ऊब आकड्याला लागू नये. मग डोळे बरोबर पाऱ्याच्या रेषेत आणायची, वाचायची, लिहायची, आणि पुन्हा एकदा वाचायची. एकतीस वर्षं हेच केलेल्या बाईच्या हातात कंटाळ्याचा मागमूस नव्हता. तोपचुबायनं आयुष्यभर चांगले घोडे फिरवणारे, चांगले नमदे करणारे लोक पाहिले होते. हातात कसब असलेलं माणूस त्याला लांबून ओळखू यायचं.

बाकी कामात मात्र ती अगदीच कच्ची निघाली. तिसऱ्या सकाळी तिनं हौसेनं याकाचं दूध काढायला घेतलं आणि त्या मादीनं तिला चरवीसकट उडवली.

"एजे, लागलं का?" जाझगुल धावली.

"लागलं नाही, पण अपमान झाला," उरुमकान शेण झटकत म्हणाली. "हिनं माझा जुना अंदाज वाचलेला दिसतोय."

जाझगुल खो-खो हसली. तोपचुबायनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

त्याच दुपारी पश्चिमेकडून ढग चढले. आधी पांढरे, मग शिशासारखे. वाऱ्यानं तंबूचे दोर वाजायला लागले. चार वाजता पहिला बर्फ आला.

तोपचुबाय बाहेर आला. दरीत दूरवर एर्गेशचा तंबू उठल्यावर उरलेला गोल डाग पांढरा होऊ लागला होता; एर्गेश पहिल्याच दिवशी खाली गेला होता. नऊ मेलेले याक तोपचुबायच्या डोळ्यांपुढे आले. त्यानं तंबूचा पहिला दोर सोडायला घेतला.

"जाझगुल! मेंढ्या गोळा कर!"

उरुमकान त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, हे त्यालाही दिसलं.

"'थांबा' असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "जनावरं तुमची आहेत. फक्त पाच वाजताचा आकडा बघा आणि मग ठरवा. निघायचं ठरलं तर मी मागून मेंढ्या हाकते."

"पाच वाजेपर्यंत वाट बुजली तर?"

"तासाभरात नाही बुजणार. हात पुढे करा ना बाइके."

त्यानं हात पुढे केला. तळव्यावर पडला तो कापसासारखा फुललेला बर्फ नव्हता. पिठासारखा, कोरडा, फुंकर मारली तर उडून जाणारा होता.

पाच वाजता तिनं या वेळी त्यालाच दाबाच्या यंत्रापाशी बोलावलं. सकाळी तिनं काचेवर खूण केली होती. काटा त्या खुणेच्या खाली गेला होता आणि आता परत फिरून वर आला होता, जेमतेम नखाएवढा. "दाब वाढतोय," ती म्हणाली. "जे यायचं होतं ते येऊन चाललंय. मला असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. निरोप यायचे, हुकूम यायचे. तोपचुबायनं काट्याकडे पाहिलं, मग याकांकडे. याक पाठ वाऱ्याला करून आडोसा शोधत नव्हते. थुंकल्यासारखा फुर्र आवाज करत नाकानं बर्फ बाजूला सारून चरत होते.

"मला वाटतं," तो सावकाश म्हणाला, "दोर परत बांधावा."

त्या रात्री झोप कुणालाच नीट लागली नाही. उजाडल्यावर तिघं बाहेर आले तर आकाश धुतल्यासारखं निळं होतं. उरुमकाननं पट्टी काढून पाच जागी बर्फ मोजला. कुठे दोन बोटं, कुठे त्याहून कमी. दुपार व्हायच्या आत सगळा आटला, वितळलासुद्धा नाही धड, कोरड्या वाऱ्यानं पिऊन टाकला. खाली तेच पिवळं गवत होतं.

तोपचुबाय तिच्या वहीत डोकावला. तिनं लिहिलं होतं: "अंदाज, नावापुरता. प्रत्यक्ष, दोन बोटं. चूक."

"हीसुद्धा चूक?"

"नावापुरता म्हणजे बोटभराच्या आत. दुप्पट निघाला."

"अगं बाई, तुझ्या या चुकीनं माझा हिवाळा वाचला!"

"तो वाचला म्हणून आकडा बदलत नाही, बाइके."

मग तो म्हणाला, "त्या वर्षी तू माझ्या घरी आली होतीस. माझं चुकलं म्हणालीस. कारणं दिली नाहीस, कुणावर ढकललं नाहीस. आणि मी तुला आत बोलावलं नाही."

"नऊ याक गेले होते तुमचे," उरुमकान म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर कुत्रं सोडलं असतं."

"कुत्रं म्हातारं होतं," तो म्हणाला. जाझगुल पुन्हा हसत सुटली.

रजा संपली म्हणून त्याच दुपारी तो तिला केंद्रावर सोडायला गेला तेव्हा बातमी आली की पश्चिमेच्या घाटात कमरेइतका बर्फ पडून रस्ता बंद झालाय. राजधानीचा अंदाज खरा ठरला होता, फक्त इथला नव्हता. परत जाताना त्याला कुरणाच्या रस्त्यावर एका वळणाशी एर्गेश भेटला, थकलेले याक पुन्हा वर चढवत.

"हसू नका, बाइके," एर्गेश लांबूनच ओरडला.

"मी कुठे हसतोय? तुझे याक हसतायत."

कुरण दहा सप्टेंबरपर्यंत टिकलं. सात तारखेला मात्र अचानक कडाक्याची थंडी पडली, ओढ्यावर जाड बर्फ धरला, आणि जाझगुलला कुऱ्हाडीनं तो फोडून पाणी काढावं लागलं. कागदावर नुसतं 'थंडी वाढेल' होतं, एवढी वाढेल असं नव्हतं. तिनं फोन करून उरुमकानला सांगितलं तेव्हा पलीकडून आधी "किती वाजता?" आणि मग "नेमकं किती अंश?" असे दोनच प्रश्न आले. नेमकं किती ते जाझगुलला सांगता येईना. त्याची तिला फार लाज वाटली.

नदीकाठचं गवत त्या वर्षी एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत पुरलं. तोपचुबायचा एकही याक गेला नाही.

पुढच्या जूनमध्ये वर जायच्या आधी जाझगुल केंद्रात गेली आणि आठवडाभर रोज उरुमकानच्या शेजारी उभी राहिली. परतताना तिच्याकडे एक जुना थर्मामीटर, पट्टी आणि रेघा मारलेली कोरी वही होती. आता कुरणावरून रोज तीनदा आकडे खाली जायचे, आणि ऑगस्टमध्ये बाजारातल्या कागदावर पहिल्यांदाच दोन नावं आली.

जूनमध्ये कुरणावरच्या पहिल्या दिवशी जाझगुल थर्मामीटरपाशी श्वास रोखून उभी राहिली, तेव्हा तंबूबाहेर बसलेल्या तोपचुबायनं शेजारी आलेल्या एर्गेशच्या दंडावर हात ठेवला.

"जरा गप्प बस," तो म्हणाला. "मोजतेय ती."