आधी कुणी रडायचं

"थांब बबिता. भेटले म्हंते?" तुरीची डाळ निवडता निवडता भुरीबाईचा हात थांबला.

"हो दादी. लढाईच्या आधी. एक भाऊ स्पेनच्या फौजेत, दुसरा त्यायच्या विरुद्ध. दोघं मधात आले, गळ्यात पडले अन् मंग आपापल्या बाजूले गेले."

एम.ए.च्या परीक्षेसाठी नात ओसरीवर मोठ्याने वाचत बसायची, आणि बोरी अरबजवळच्या त्या तांड्यात तिची एकुलती एक विद्यार्थिनी म्हणजे ही आजी. आजीने बावीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली, पण अक्षराशी कधी गाठ पडली नाही. आयाकुचोचं मैदान पेरू देशात आहे, १८२४च्या डिसेंबरात तिथे लढाई झाली आणि त्या एका लढाईने दक्षिण अमेरिकेतल्या स्पेनच्या राज्याचं कंबरडं मोडलं, हे सगळं तिने ऐकलं आणि सोडून दिलं. ते भाऊ मात्र सोडवेनात.

"लढाचंच होतं तं भेटले कायले?"

"नंतर भेटता येईन का नाही, काय माहीत. म्हणून."

भुरीबाईने पुन्हा डाळीत डोकं घातलं. तिची धाकटी बहीण जमनाबाई ढाणकीकडच्या तांड्यात दिलेली. आईचा कवड्या-आरशांचा घागरा भुरीबाईने ठेवून घेतला. याडीने, म्हणजे आईने, तो मला कबूल केला होता, असं जमनाबाईचं म्हणणं. एवढ्यावरून नऊ वर्षं अबोला. तांड्यातल्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून, सूर लावून रडतात, आणि रडून झाल्यावर मग बोलायला लागतात. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नात दोघी समोरासमोर आल्या. थोरलीला वाटलं, धाकटीने आधी सूर लावावा. धाकटीला वाटलं, चूक थोरलीची. दोघी उभ्याच राहिल्या आणि मग जेवायला निघून गेल्या. अशा दोन हट्टी बाया देवाने एकाच पोटी का घातल्या, त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी भुरीबाईने पेटीतला घागरा काढून उन्हात घातला. निखळलेल्या दोन कवड्या टाके घालून पक्क्या केल्या.

"रविवारी ढाणकीले जातो," ती म्हणाली. "मीच सूर लावतो. माह्यं काय कमी होऊन राह्यलं?"

शुक्रवारी दुपारी भुरीबाई शाळेत खिचडीचं पातेलं उतरवत असताना बबिता धावत आली. ढाणकीहून फोन होता. जमनाबाई कापूस वेचता वेचता धुऱ्यावर, शेताच्या बांधाला टेकली, ती परत उठली नाही.

आजी-नात पोचल्या तेव्हा बायका एकेक करून भुरीबाईच्या गळ्यात पडल्या, सूर लावून रडल्या. भुरीबाईने पिशवीतून घागरा काढला, बहिणीच्या अंगावर पांघरला आणि त्याच्या घड्या हाताने नीट करत राहिली. थोरली बहीण असून रडली नाही, अशी कुजबुज झाली. ती तिने ऐकली.

परतीच्या एसटीत रिकामी पिशवी मांडीवर होती.

"बबिता, ते दोघं भाऊ. वाचले का लढाईतून?"

"पुस्तकात नाही लिहिलं, दादी."

"पण भेटले तं होते."

"हो. भेटले होते."

भुरीबाईने मान हलवली. बाहेर पऱ्हाटीची शेतं मागे जात होती. दारव्हा यायच्या थोडं आधी, भरलेल्या गाडीत, समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी कवटाळून तिने सूर लावला.