उजव्या हाताचे टक्के

श्यामसुंदरकाकांना या प्रकरणातून एक पैसाही मिळणार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा उगाच त्यांच्यावर संशय घेत बसेल. त्यांच्या मिळकतीचा हिशेब वेगळा होता. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले होते. मुलगा हिंजवडीला कंपनीत, तो वडिलांचा सल्ला म्हणून कुठला मोबाइल घ्यावा एवढंसुद्धा विचारत नसे. तेव्हा शनिवार पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत कुणाचं सरकारी काम निघालं, की काकांना रोज संध्याकाळी ऐकणारा एक कान, एक कप चहा आणि 'काका होते म्हणून झालं' हे वाक्य मिळायचं. वरच्या मजल्यावरच्या हेमाताईंच्या कामात आणखी एक गोष्ट होती.

"मी काही मागणार नाही," काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "काम झालं की गणपतीला एकवीस मोदक. उकडीचे. तुमच्या हातचे."

हेमाताई हो म्हणाल्या. त्या हाताने काही होत नाही हेच सरकारला पटवायचं होतं, आणि सौदा त्याच हाताच्या मोदकांवर ठरला. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

हात उजवा. तीन वर्षांपूर्वी काचेच्या कपाटावर तोल जाऊन मनगट उभं चिरलं होतं. स्नायू शिवले, नसा शिवल्या, पण बोटं काही घरी परत आली नाहीत. हेमाताई तोवर मोदकांच्या ऑर्डरींवर जगत होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दवाखान्याच्या दिव्यांग मंडळाने बेचाळीस टक्के लिहिले. चाळीसच्या वर होते म्हणून महिन्याला अडीच हजारांचं अनुदान सुरू झालं. त्यातून खोलीचं भाडं, विजेचं बिल आणि औषधं निघत. उरलेलं पोट दोन घरच्या मुलांच्या शिकवण्यांवर. अडीच हजार म्हणजे काही फार नव्हे. पण ते गेले तर खोली जाणार, आणि खोली गेली तर कात्रजला भावाकडे, सलिलकडे जावं लागणार, हे गणित हेमाताईंना तोंडपाठ होतं. वहिनी दर दिवाळीला म्हणायची, "या की राहायला. हॉलमध्ये रात्री जागा असतेच." त्यातलं 'रात्री' हेमाताईंना नीट ऐकू यायचं.

प्रमाणपत्र तात्पुरतं होतं. मुदत मेअखेर संपणार, त्याआधी फेरतपासणी, असा मेसेज मार्चमध्ये आला आणि त्या दिवसापासून हेमाताई कात्रजचं गणित रोज मांडू लागल्या.

कारण हात सुधारत होता.

हे नम्रताचं काम. धाराशिवकडची ही मुलगी धर्मादाय केंद्रात फिजिओथेरपी करायची. तिने सुरुवातीला बोटांना दाबायला रंगीत चिकणमाती दिली होती. हेमाताईंनी ती दोन दिवस दाबली, तिसऱ्या दिवशी नाक मुरडलं आणि तांदळाच्या पिठाची उकड काढली. "दाबायचंच आहे तर निदान वास तरी बरा," त्या म्हणाल्या. नम्रता खूश झाली. "मावशी, मग कळ्याच पाडा. त्याच्याएवढा चिमटीचा व्यायाम माझ्या पुस्तकात पण नाही." तेव्हापासून रोज सकाळी एक पारी. आधी नुसता लगदा. मग एक कळी, वाकडी. फेब्रुवारीत एका पारीला पाच कळ्या पडल्या, आणि हेमाताईंनी तो मोदक न उकडता दिवसभर ओट्यावर ठेवून येता-जाता बघितला.

काकांनीही तो बघितला. आणि मार्चमधला मेसेज वाचल्यावर त्यांना तो आठवला.

"हे बंद," ते म्हणाले.

"काय?"

"हे कौतुक. बेचाळीसवर आहात तुम्ही. दोन टक्क्यांचा कठडा आहे, हेमाताई. पाच कळ्या म्हणजे किमान सात-आठ टक्के गेले. मंडळात बसतात ते काही मोदक खायला बसत नाहीत. हात झोळीत घाला. व्यायाम तपासणी झाल्यावर. दोन महिन्यांचा तर प्रश्न."

"नम्रता म्हणते खंड पडला तर—"

"नम्रताचा पगार चालू राहणार आहे. तुमचं बघा."

हे उत्तर पुणेरी होतं आणि त्यात खोट काढता येत नव्हती. हेमाताईंनी जुन्या सुती ओढणीची झोळी केली.

पहिले काही दिवस हात विसरायचा. एकदा दूध उतू चाललं, हेमाताई धावल्या आणि उजव्या हाताने सांडशी पकडून पातेलं उतरवलं. खाली ठेवल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, चेहरा उजळला. वळून बघतात तो दारात काका, चहाच्या वेळेला.

"वा," काका म्हणाले. "आता एवढंच मंडळापुढे करून दाखवा. टाळ्या मिळतील."

त्या रात्रीपासून त्या झोपतानाही झोळी बांधू लागल्या. झोपेत हात काय करेल याचा भरवसा नव्हता.

भीतीचं एक असतं, ती आली की घरातल्या सगळ्या वस्तू आपल्या नावावर करून घेते. समोरच्या इमारतीतली सोनाली गॅलरीत कपडे वाळत घालता घालता फोनवर काहीतरी टिपत असायची. हेमाताईंनी खिडकीला पडदा लावला. शिकवणीच्या मुलांसमोर त्या डाव्या हाताने फळ्यावर लिहू लागल्या; अक्षर बघून मुलं हसली, तेव्हा त्यांना बरं वाटलं, कारण साक्षीदार तयार होत होते. आपण चोरी करतो आहोत का, हे त्यांनी एकदा मनाशी विचारून बघितलं. नसा खरंच तुटल्या होत्या. अंगठ्याजवळची तीन बोटं आजही गरम-गार ओळखत नव्हती. मग चोरी कसली? पण चोराला लागते तेवढी सगळी दक्षता तर त्या घेत होत्या.

नम्रताचे फोन येत. "मावशी, केंद्रात दिसला नाहीत."

"अगं, पाहुणे आहेत."

"पारी चालू आहे ना घरी? थांबवू नका हां. बोटं एकदा आखडली की मग माझ्या हातात राहत नाही."

"चालू आहे गं," हेमाताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून उगाच ओटा पुसत बसल्या.

मेअखेरीची तारीख आली आणि पुढे गेली. डॉक्टर रजेवर. जूनची तारीख मिळाली. त्या दिवशी सर्व्हर बंद. मुदत संपलेली, नवं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे जूनचं अनुदान जमा झालं नाही. हेमाताई फोनचा आवाज मोठा करून बसायच्या. टिंग झालं की उठायच्या. बहुतेक वेळा कुठल्यातरी सराफाची जाहिरात असायची. जुलैचंही आलं नाही. आधी फळं गेली, मग दूध अर्धा लिटरचं पाव झालं. भाड्याला घरमालक "बघा सवडीने" म्हणाला. तो 'सवडीने' असा म्हणाला की हेमाताईंनी त्याच दिवशी कानातल्या कुड्या विकल्या.

"आता तर अजिबात हात हलवायचा नाही," काका म्हणाले. "एवढं भरल्यावर सोडायचं का?"

जुलैच्या अखेरीस एक दिवस दुपारी जिन्यात बुटांचा आवाज आला. फाइल घेतलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस. तो खालच्या मजल्यावर विचारत होता, "वर कोण राहतं? एकट्याच असतात का?" हेमाताई भाजी चिरत होत्या, डाव्या हाताने विळीवर, कशीबशी. त्यांनी विळी मिटली, कॉटवर जाऊन आडव्या झाल्या, झोळी छातीवर घेतली. दार उघडंच होतं. माणूस दारात उभा राहिला.

"मावशी, स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरचा का पाइपचा?"

"मला हाताने काही होत नाही," हेमाताई म्हणाल्या.

माणूस गोंधळला. "नाही, पाइपलाइनचा सर्व्हे आहे. सिलिंडर लिहितो." आणि गेला.

त्या उठल्या तेव्हा हसू आलं. मग झोळी सैल करून हात जरा मोकळा करावा म्हणून बोटं उघडायला गेल्या. अंगठा आला. करंगळी अर्धी आली. मधली तीन तळव्याकडे वळून राहिली, थंडीत पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसासारखी. त्यांनी डाव्या हाताने ती ओढून बघितली. एवढी कळ आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. बांधून बांधून आखडलीत, उघडतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. काकांना सांगितलं नाही. काका म्हणाले असते, उत्तम.

ऑगस्टमध्ये मंडळ बसलं. काका बरोबर आले, पण आत एकालाच सोडत होते. रांगेत हेमाताई मनात तालीम करत होत्या: दाबा म्हटलं की थोडंच दाबायचं, उघडा म्हटलं की तोंड वाकडं करायचं. लगेच नाही, थोडं थांबून. हे सगळं काकांनी शिकवलं होतं. आपला खोटेपणा पकडला जाईल, डॉक्टर सगळ्यांसमोर कागद बाजूला फेकतील, कात्रजचा हॉल, रात्रीची जागा. नाव पुकारलं तेव्हा त्यांनी झोळीची गाठ पुन्हा एकदा चाचपली आणि आत गेल्या.

डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून हेमाताईंच्या हातात दिला. "दाबा. पूर्ण जोर लावून."

हेमाताईंनी थोडासा जोर लावायचं ठरवलं होतं. काटा हललाच नाही. घाबरून त्यांनी जरा जास्त लावला. मग होता तेवढा लावला. काटा किंचित थरथरला आणि जागेवर आला.

"उघडा मूठ."

तोंड वाकडं करायची आठवण राहिली नाही. ते आपोआप झालं होतं.

डॉक्टरांनी बोटं धरून सरळ करायला घेतली आणि हेमाताई ओरडल्या. डॉक्टर थांबल्या, जुनी नोंद वाचली, हाताकडे बघितलं, पुन्हा वाचली. "गेल्या वेळी सांधे मोकळे होते. व्यायाम सोडलात का?"

"जमलं नाही."

"का?"

हेमाताई टेबलावरच्या पिवळ्या फाइलकडे बघत राहिल्या. "वाटलं, हात चालला तर टक्के कमी होतील."

डॉक्टरांना राग आला असावा, पण असं सांगणारी पहिली बाई काही ही नव्हती.

"तुमची नस तुटलेली आहे," त्या म्हणाल्या. "बोटांना स्पर्श कळत नाही, तो परत येणार नाही, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये बहुतेक टक्के त्याचेच धरतो आम्ही. मोदक वळले असतेत तरी चाळीसच्या वर राहिला असतात."

मोदक हा शब्द त्यांनी सहज वापरला; पुण्यात हाताच्या कौशल्याला दुसरं उदाहरण सुचत नाही. हेमाताईंना मात्र कुणीतरी आपलं घर बघून आल्यासारखं वाटलं.

"आता पंचावन्न होतायत. कायमचं लिहिते. पुन्हा यायला नको."

"आणि हात?"

"ऑपरेशनने थोडा सुटेल कदाचित. पूर्वीसारखा नाही." डॉक्टरांनी सही केली. "पुढचे."

बाहेर काका बाकावरून उठले. "किती?"

"पंचावन्न. कायमचं."

"बघा," काका म्हणाले, आणि आनंदाने त्यांचे डोळे पाणावले, हेही नोंदवायला हवं. ते ढोंग नव्हतं. "काय म्हणालो होतो?"

डॉक्टर काय म्हणाल्या ते हेमाताईंनी सांगितलं नाही. आधी राहिलं, मग सांगण्यात अर्थ राहिला नाही.

गणपतीच्या आधी चार दिवस फोन वाजला: अडीच हजार जमा. मागचे महिने प्रक्रियेत होते. हेमाताईंनी दार लावून उकड काढली. पारी डाव्या तळव्यावर घेतली, उजवा हात जवळ नेला. बोटांनी पारीला एक भोक पाडलं. दुसरीलाही तेच. मग त्यांनी उकडीचा गोळा करून त्याच्या निवगऱ्या थापल्या, डाव्या हाताने, आणि कुमठेकर रस्त्यावरच्या दुकानात जाऊन एकवीस मोदकांची ऑर्डर नोंदवली.

चतुर्थीला काका धोतर नेसून आले. पहिला मोदक फोडून त्यांनी त्यावर तूप सोडलं, कळ्या निरखल्या, खाल्ला, डोळे मिटले.

"हाताची चव काही गेली नाही तुमच्या." मग जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "फक्त बोलू नका कुठे. कायमचं असलं तरी कुणी तक्रार केली तर फाइल उघडतात."

झालं. कात्रजचं गणित पुन्हा सुरू झालं. हेमाताईंनी उजवा हात पदराखाली घेतला. आता तो लपवायची काहीच गरज नव्हती, पण सवय लागली होती.

"दुकानातले आहेत, काका," त्या म्हणाल्या. "पावती ठेवलीय जपून. कुणी विचारलं तर."

काकांचा जबडा क्षणभर थांबला. त्यांनी हेमाताईंकडे बघितलं, पदराकडे बघितलं, आणि मग मान डोलावली.

"छान केलंत," ते म्हणाले. "शिकलात तुम्ही." आणि दुसरा मोदक घेतला.

तर जमाखर्च असा: दुकानदाराला नऊशे पंचेचाळीस मिळाले, घरमालकाला भाडं, काकांना एकवीस मोदक आणि आणखी एक यशस्वी प्रकरण. सरकारचे अडीच हजार गेले, ते व्यायाम चालू असता तरी जाणारच होते. बाकी सगळं उजव्या हाताने भरलं. त्याची पावती मात्र कुणी दिली नाही.