शेळ्या चोखणारा म्हणे मी!

मी एक जुना रातवा पक्षी आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण दिवसभर मी पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो. दिवस मावळला की उडतो आणि माणसांच्या मते कर्कश ओरडतो. म्हणून इंग्रजीत मी ‘नाइटजार’. त्यातल्या ‘जार’चा अर्थ बरणी नव्हे बरे का, कानाला खुपणारा आवाज! तेही मी हसून सोडून दिले असते. पण त्याच भाषेत माझे एक जुने, दुर्मिळ नाव आहे, आणि त्या नावाने माझे घर बुडवले.

धुळ्याजवळच्या एका माळावर सुंदरबाईंचा गोठा आहे. शेळ्यांभोवती किडे जमतात, ते टिपायला मी तिथे जात असे. कितीतरी उन्हाळे मी त्या गोठ्याची राखण केली, पण शाबासकी कुणी दिली नाही. आम्ही घरटे बांधत नाही. यंदाही आमची दोन अंडी गोठ्यामागे पळसाच्या पाचोळ्यात, उघड्या मातीवर होती.

त्याच सुमारास सुंदरबाईंची लाडकी शेळी रूपा दूध कमी देऊ लागली. खरा चोर मला रोज दिसे. तिचे करडू टोपलीखालून अंग चोरून निसटायचे, आईला लुचायचे आणि पुन्हा आत जाऊन भोळ्या चेहऱ्याने बसायचे. पण मी सांगणार कसा? माझ्या ‘चक् चक् चक्’चा अर्थ कुणाला कळतो?

एका संध्याकाळी सुंदरबाईंनी लेकीला हाक मारली. मेघा धुळ्याला कॉलेजात जाते, मोठी हुशार पोर.

“मेघा, हाई पाखरू रोज शेयीसजोडे काय करस वं?”

मेघाने माझा फोटो काढून मोबाइलवर शोधले आणि ऐटीत सांगितले, “माय, इंग्रजीमा याले गोटसकर म्हंतस. म्हंजे शेयीसले चोखणारा.”

“मंग रूपानं बठ्ठं दूध हाऊच पी जास!”

माझ्या इवल्याशा चोचीने दूध चोखता तरी येईल का, हे रूपालाच विचारायचे होते! पण शब्द इंग्रजी होता, त्यामुळे तो खराच ठरला.

दुसऱ्या दिवशी मेघा कॉलेजला गेली आणि भर दुपारी सुंदरबाईंनी गोठ्यामागचा पाचोळा पेटवला. मी अंड्यांवर बसून होतो. धूर आला, आच आली, तरी बसून राहिलो. अंडी चोचीत धरून नेता येत नाहीत हो आम्हाला. शेवटी पंख होरपळले तेव्हा मी उडालो. त्या उडण्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी मेघा धापा टाकत आली. नवा शब्द तिने मोठ्या तोऱ्यात कॉलेजातल्या बाईंना ऐकवला होता, आणि त्यांनी तिला त्याची खरी हकीकत सांगितली होती.

“माय, ते नाव खोटं शे! तिकडना लोकेसना गैरसमज व्हता. तो दूध पित नही, किडा खास.”

“खोटं व्हतं, ते इतला शिकेल लोकेसनी नाव कसाले ठेवं?” सुंदरबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रूपाखालून चुटूचुटू आवाज आला. दोघींनी वाकून पाहिले, तर करडू शेपूट हलवत दूध पीत होते.

सुंदरबाई काळ्या पडलेल्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, “आते त्या पाखरूले मी काय सांगू वं?”

मी कुंपणावरच बसलो होतो.

मित्रांनो, आम्हाला हवे ते नाव ठेवा. तुमच्या भाषेत ठेवा, परक्या भाषेत ठेवा. पण आम्हाला नावे ठेवण्याआधी एकदा आमच्याकडे नीट बघा. आम्हाला बोलता येत नाही.