मिल लेनचा खड्डा

एनिड शटलवर्थने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आमच्या गावातली निम्मी माणसं तिची बोलणी खाऊन रस्त्यावर आली आहेत. त्यामुळे फेब्रुवारीत मिल लेनच्या वळणावर ती स्वतःच खड्ड्यात गेली, तेव्हा गाडीपेक्षा जास्त लागलं ते तिच्या अभिमानाला. समोरून दुधाचा टँकर आला म्हणून तिने गाडी कडेला घेतली. पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डा, दिसणार कसा? पुढची स्प्रिंग तुटली, टायर फाटला.

मी तिचा शेजारी. गाडी ओढून न्यायला ट्रक येईपर्यंत थर्मासमधला चहा घेऊन तिच्याजवळ उभा राहिलो.

"वॉल्टर, रस्ता कौन्सिलचा, खर्चही कौन्सिलच भरणार," ती म्हणाली.

"भरेल की. वर फुलांचा गुच्छ पण पाठवेल."

"तू चहा ओत."

कौन्सिलचं उत्तर यायला डॅफोडिल्स फुलून कोमेजावी लागली. तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, पण आमच्या माणसाने जानेवारीत पाहणी केली तेव्हा रस्ता सुस्थितीत होता, आणि जो खड्डा आम्हाला माहीतच नव्हता त्याची भरपाई देता येत नाही. ही पाहणी म्हणजे काय, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. एक गृहस्थ मोटारीत बसून, हीटर लावून, न थांबता जातात. वाटेत एखादी गाय आडवी पडली असती तरी त्यांनी तिला सुस्थितीत म्हटलं असतं.

एनिडने फोन लावला. मी तिच्या स्वयंपाकघरातच बसलो होतो.

"खड्डा माहीत नव्हता, तर तुमच्या माणसाचं चाक त्यात कसं गेलं नाही?"

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्हाला तो माहीत होता असं दाखवणारं काही आहे का तुमच्याकडे?"

"तुमच्या डोक्यात काय आहे ते मी कसं दाखवणार, बाई? आणि काही आहे असं तरी कशावरून?"

फोन बंद झाला. कुणी केला, ते मी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ट्रेव्हर मिडगली दारात आला. हा आमचा कौन्सिलर. छातीवर थाळीएवढं रिबिनीचं फूल, चेहऱ्यावर निवडणुकीपुरतं हसू. आम्ही दोघं पुढच्या बागेत कुंपण कापत होतो. समोरचं बेकरीवालं जोडपंही गाडी धूत होतं.

"ट्रेव्हर," एनिड म्हणाली, "गोल चौक आला की अजून घाम फुटतो का रे?"

तो मोठ्याने हसला. यानेही गाडी तिच्याच हाताखाली शिकलेली, तीही महामुश्किलीने. "मिसेस शटलवर्थ, तुमच्या गाडीचं कळलं मला. फार वाईट वाटलं. अहो, मी सप्टेंबरपासून त्या खड्ड्यासाठी ओरडतोय! रस्तेखात्याच्या साहेबाला स्वतः आणून दाखवला. पण ऐकतंय कोण?"

एनिडने कात्री खाली ठेवली.

"जरा मोठ्याने सांग ना. समोरच्यांना ऐकू गेलं नाही."

मतं दिसली की या माणसाला दुसरं काही दिसत नाही. त्याने रस्त्याकडे वळून पुन्हा सगळं सांगितलं, हातवारे करून.

"छान," एनिड म्हणाली. "आता हेच कोर्टात सांगायला येशील?"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण हसण्यामागचा ट्रेव्हर निघून गेला.

"म्हणजे... ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"साहेबाला आणलं नव्हतंस?"

"आणलं म्हणजे, ते तिकडूनच चालले होते."

"खड्डा दाखवलास की नाही?"

"दाखवला. पण अधिकृतपणे नाही."

"आरशात न बघता गाडी मागे घेतोयस, ट्रेव्हर. तेव्हाही अशीच घ्यायचास."

बेकरीवाला इतका हसला की त्याच्या हातातला पाण्याचा पाइप बायकोवर वळला. ट्रेव्हर पुढच्या घरी गेला. पत्रक द्यायचंही विसरला.

त्याच संध्याकाळी एनिडने कौन्सिलला कळवलं, तुमचाच कौन्सिलर चार माणसांदेखत काय बोलला ते. आता कोर्टात भेटू. आणि काय चमत्कार! महिनोन्महिने न हलणारी कौन्सिल आठवड्याच्या आत हलली. कुठलीही जबाबदारी न स्वीकारता, केवळ सद्भावनेपोटी, टायर आणि स्प्रिंगचा खर्च देण्यात येत आहे. कृपया ही बाब गोपनीय ठेवावी. एनिडने ती सद्भावना शुक्रवारी पबमध्ये खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवली.

म्हणून काही बदललं असं समजू नका. ट्रेव्हर निवडून आला, मागच्यापेक्षा जास्त मतांनी. खड्ड्यासाठी ओरडणारा माणूस लोकांना आवडतो. खड्डा बुजवणारा उभाच राहत नाही, त्यामुळे तो आवडतो की नाही हे कुणाला माहीत नाही.

जूनमध्ये डांबराची गाडी आली. दोन कामगारांनी खड्डा भरला, फावड्याच्या पाठीने थोपटला. हातभर अंतरावर दुसरा होता, तेवढाच खोल. एनिडने तो बोटाने दाखवला.

"त्याचं आम्हाला काही सांगितलेलं नाही, मावशी," त्यातला एक म्हणाला, आणि बिचारा खरंच ओशाळला.

मला वाटलं, आता ही पेटणार. पण ती घरात गेली आणि दोघांसाठी चहा घेऊन आली. बिस्किटं मात्र दिली नाहीत.